फाटकावर ठेवलेलं कार्ड

साहेबाने ते कार्ड नाष्ट्याच्या टेबलावर लिहिलं. लोण्याच्या बशीशेजारी. लिहिता लिहिता थांबून त्याने टोस्टचा तुकडा मोडला, बोटं रुमालाला पुसली आणि पुढची ओळ लिहिली. मग वाचून दाखवलं. इंग्रजीत.

"मी, टोपल्यांचा फील्डमार्शल, गाढवांच्या रिसाल्याचा सरसेनापती, माझ्या इभ्रतीवर शब्द देतो की उद्या संध्याकाळच्या हजेरीला परत येईन."

टेबलाशी तिघे होते. साहेब, त्याचा लढाईतला जुना दोस्त मेजर, आणि शहरातले एक नावाजलेले वकील. मेजर हसता हसता खोकायला लागला. वकील म्हणाले, "साहेब, एक कलम राहिलं. वाटेत कुणाची कोंबडी चोरणार नाही, असंही घाला." साहेबाने तेही घातलं. वकिलांच्या मिशीत बिस्किटाचा भुगा अडकला होता. हसताना तो हलत होता. मला अजून दिसतो.

टोपल्यांचा फील्डमार्शल म्हणजे माझा बा. तो पायऱ्यांच्या खाली उन्हात उभा होता. अनवाणी. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन, दहा वाजलेले. तिघे हसले तसा तोही थोडा हसला. त्याला वाटलं, साहेब खूश आहे, काम झालं.

मी व्हरांड्यात उभा होतो. वाळ्याच्या पडद्याच्या सावलीत. मला इंग्रजी येत होतं.

खरं तर एवढंच सांगायचं आहे. पण एवढ्याने कुणाला काही कळणार नाही. म्हणून मागचं सांगतो. मला असं लिहायची सवय नाही. कॉलेजात निबंध लिहितो, त्यात 'मी' चालत नाही.

आम्ही कैकाडी. तरवडाच्या फोकांच्या टोपल्या, कणग्या, कोंबड्यांची खुराडी विणायची, गाढवांवर लादायची आणि गावोगाव विकत हिंडायचं, हा आमचा धंदा. सरकारच्या कायद्यात आमची जात जन्मानेच गुन्हेगार. माझ्या बाने कधी कुणाची काडी उचलली नाही. कायद्याला ते विचारायचं नव्हतं. मोठी लढाई संपल्यावर आम्हाला गाढवांसकट धरून आणलं आणि गिरण्यांच्या पलीकडे तारेच्या कुंपणात बसवलं. सेटलमेंट म्हणतात. गाढवं विकायला लावली. बाला गिरणीत कामाला घातलं. सकाळी हजेरी, संध्याकाळी हजेरी. बाहेरगावी जायचं तर पास. पास मंगळवारी मिळायचा, इतर दिवशी नाही. माणूस मंगळवारी मरो की शनिवारी.

आमचा साहेब म्हणजे या सेटलमेंटचा सुपरिंटेंडंट. लढाईच्या काळात तो दक्षिणेतल्या एका कॅम्पावर फाटकाचा अंमलदार होता. तो कॅम्प साध्या कैद्यांचा नव्हता. लढाईत धरलेल्या शत्रूच्या मोठ्या अधिकाऱ्यांचा होता. तुर्कांचे पाशा, म्हणजे त्यांच्या फौजेतले सरदार, शिवाय करनेल आणि असलेच बडे लोक. साहेब मोठ्या प्रौढीने सांगायचा की इथलं निम्मं कुंपण त्याच कॅम्पाच्या तारेचं आहे. कॅम्प मोडल्यावर ती तार त्यानेच इकडे मागवून घेतली.

आणि माझा बाही त्या कॅम्पावर होता. कैदी म्हणून नव्हे. तेव्हा आम्ही मोकळे होतो. हिंडत हिंडत तिकडे गेलो होतो आणि ठेकेदाराने बाला विणकामाला लावलं होतं. बाटल्यांच्या टोपल्या, कोंबड्यांची खुराडी, खुर्च्यांच्या वेताच्या बैठका. मी तेव्हा दोनतीन वर्षांचा असेन. मला आठवत नाही. पण बाने ते इतक्या वेळा सांगितलं की मला तो कॅम्प दिसतो.

बा सांगायचा, "तुरुंग म्हनावं का काय म्हनावं त्येला. पलंगावर मच्छरदानी. एकेका पाशाच्या मागं एकेक चाकर, त्येंच्याच फौजंतला. आन् आपलं गोरं शिपाई त्यास्नी सलाम ठोकायचं."

आमच्या आळीतली सगळी पोरं ऐकायला बसायची. सगळ्यांना आवडायचं ते एका म्हाताऱ्या पाशाचं. पांढरी दाढी, हातात काठी. रोज सांजच्याला तो फाटकावर यायचा. खिशातून एक छापील कार्ड काढायचा आणि पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवायचा. त्या कार्डावर लिहिलेलं असे की मी शब्द देतो, पळून जाणार नाही. कार्ड टेबलावर पडलं की फाटक उघडायचं. पाशा एकटा टेकडीवर फिरायला जायचा. मागे शिपाई नाही, बंदूक नाही. बिगुलाच्या आत परत यायचा, कार्ड उचलायचा, खिशात घालायचा. एकदा त्याचा पाय मुरगळला. दोन काठ्या टेकत, घामाने भिजून तो बिगुलाच्या आधी फाटकावर पोचला. बा म्हणायचा, "पाय मोडला गड्याचा, पर शबूद न्हाय मोडला. आन् त्येच्या शबदाला मान देनारा त्यो फाटकावरचा सायेब, त्यो आपला सायेब."

दुसरा एक करनेल होता. त्याने कधीच कार्ड घेतलं नाही. सगळ्यांना बाहेर हिंडता यायचं, हा आतच. तारेला धरून रोज फेऱ्या मारायचा. चालून चालून जमिनीला वाट पडली होती. बा त्याची नक्कल करायचा. मान खाली, हात मागे, तोंड असं वाकडं. आम्ही पोरं हसून लोळायचो. "खुळं हुतं ते," बा म्हणायचा. "दार उघडं आसताना कोन आत मरतंय व्हय?"

मीही हसायचो.

आता त्या रविवारचं. मी सुट्टीला पुण्याहून घरी आलो होतो. आमच्या वस्तीतला कॉलेजात गेलेला पहिला मीच. साहेबाने बोलावणं धाडलं की पाहुणे आलेत, ये. मी गेलो. साहेबाने दिलेला लोकरीचा जुना कोट घालून गेलो. मे महिन्यात लोकरीचा कोट. साहेबाला मी त्या कोटात आवडायचो.

त्याने मला वर्तमानपत्र दिलं आणि वाचायला सांगितलं. मी वाचलं. मेजर म्हणाला, "कमाल आहे." साहेब म्हणाला, "कोट काढला तर कोण आहे ते ओळखू येईल बरं." मी हसलो. मग वकिलांना वर्तमानपत्र हवं होतं. मी द्यायला हात पुढे केला. ते मराठीत म्हणाले, "खाली ठेव. खाली." मी फरशीवर ठेवलं. त्यांनी ते उचललं आणि वाचायला लागले. साहेबाची बिस्किटं त्यांना चालत होती. चहाचा पेला मात्र त्यांनी घरून आणला होता. चांदीचा.

एवढ्यात बा आला. पळत आला असावा. धाप लागली होती. पहाऱ्यावरच्या जमादाराने अडवलं तर त्याला हाताने बाजूला करून आला. असं त्याने कधी केलं नव्हतं.

माझी थोरली बहीण, आक्का, वळसंगला दिली होती. तिच्या सासरचे तिथं गावाबाहेर पालं टाकून राहायचे, त्यांना अजून तारेत आणलं नव्हतं. आक्काचे दिवस भरले होते. त्या सकाळी वळसंगचा एक धनगर शेरडं घेऊन सोलापूरच्या बाजाराला आला आणि त्याने कुंपणाबाहेरून हाक मारून निरोप दिला. दोन दिवस झाले, पोरगी मोकळी होत नाही. बापाला बोलवा म्हणते. मंगळवारला अजून दोन दिवस होते.

बाने पायरीखालून हात जोडले. "सायेब, माजी लेक लई अवघडलीया. वळसंगला. मला पास नगं. मी शबूद देतो. त्या तुमच्या पाशावानी. उद्या सांजच्या हजेरीला हितं उबा ऱ्हातो."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. भाषांतर कर.

मी केलं. मी म्हणालो, "हा माणूस म्हणतो की त्याच्या मुलीचं बाळंतपण अडलं आहे."

हा माणूस. त्याची मुलगी.

ज्या आक्काने मला कडेवर घेऊन गावं पालथी घातली, ती त्या वाक्यात माझी कुणीच नव्हती. मला कुणी तसं म्हणायला लावलं नव्हतं. ते माझ्या तोंडून आपोआप आलं आणि व्याकरणाला धरून आलं. पुढचंही मी सांगितलं. पाशाचं, शब्दाचं. मेजरने साहेबाच्या मांडीवर थाप मारली. "तुझ्या त्या म्हाताऱ्यासारखा? ऐकलंस का? याला शब्दावर सुटायचा पॅरोल हवाय." दोघे तो कॅम्प आठवून हसले. साहेब म्हणाला, "मग देऊ या की." आणि त्याने खिशातून स्वतःच्या नावाचं भेटीचं कार्ड काढलं आणि पाठीमागे लिहायला घेतलं.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

लिहून झाल्यावर साहेबाने खाली सही केली. रोजच्यासारखी, लांब शेपटाची. मग शाईची गादी मागवली. त्या गादीच्या शाईने आमच्या सगळ्यांच्या दहाही बोटांचे ठसे घेतलेले आहेत. बा दोन पायऱ्या चढला. अंगठा शाईत बुडवला आणि कार्डावर टेकला. हळू, नीट, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत. ठसा फिसकटू नये म्हणून श्वास धरून. मी कुणाचा ते वकिलांना माहीत होतं. ते मला म्हणाले, "काय रे, तुझ्या बापाची पलटण कुठं उतरलीय?"

बाने कार्ड दोन्ही हातांत घेतलं, फुंकर घालून वाळवलं आणि मला विचारलं, "काय लिवलंय, लेकरा?"

मी साहेबाकडे पाहिलं. पुढच्या वर्षीची फी माफ व्हायची तर साहेबाचं पत्र लागणार होतं. आठ दिवसांत ते देतो म्हणाला होता. मी तिघांच्या तोंडांकडे पाहिलं. ते वाट बघत होते. ही पुढची गंमत होती. मुलगा बापाला काय सांगतो.

मी म्हणालो, "शब्दच लिहिलाय, बा. उद्या सांजच्या हजेरीला परत येईन म्हणून."

"झालं तर," बा म्हणाला. आणि त्याने साहेबाला सलाम केला. वाकून नाही. ताठ उभं राहून, हात कपाळाला लावून. कॅम्पावर पाहिला असेल तसा. त्या सलामाला ते तिघे सगळ्यात जास्त हसले.

व्हरांड्यातून फाटक दिसायचं. बा तिथं गेला. जमादार दखनीत ओरडला, ते ऐकू आलं. "क्या रे, पास कां है?" बाने कार्ड पुढे केलं. जमादाराला इंग्रजी येत नव्हतं, पण साहेबाची सही तो ओळखायचा. त्याने कार्ड परत बाच्या हातात द्यायला धरलं. बाने घेतलं नाही. त्याने ते जमादाराच्या टेबलावर ठेवलं, वारं उडवून नेईल म्हणून वर विटेचा तुकडा ठेवला आणि म्हणाला, "मी येईस्तवर हितंच ऱ्हाऊ द्या. आल्यावर उचलतो."

आणि तो रिकाम्या हाताने बाहेर पडला.

मी तेव्हा पळत जायला हवं होतं. फाटक शंभर पावलांवर होतं. मी म्हणू शकलो असतो की बा, ते थट्टेचं आहे, जाऊ नको. निदान एवढं तरी की बा, कार्ड बरोबर घे, त्याच्यावर सही आहे. मी स्वतःची समजूत घातली. मजकूर कसाही असो, सही खरी आहे. जाईल, आक्काला बघेल, येईल. कुणाला काय कळणार आहे. साहेब म्हणाला, "आता एक इंग्रजी कविता म्हण." मी म्हटली. पाठ होती. एकही चूक झाली नाही.

पुढचं मी पाहिलं नाही. बाने आणि दाजींनी नंतर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं ते जोडून लिहितो.

बा उन्हातून चालत निघाला. कुंभारीला एका विहिरीवर पाणी मागितलं. जात विचारली, मग ओंजळीत वरून ओतलं. दुपार कलताना वळसंगच्या शिवेवर पोचला. तिथून आक्काच्या सासरची पालं दिसत होती. पण बा तिकडे गेला नाही. नियम असा की सेटलमेंटचा माणूस कुठल्याही गावी गेला तर आधी पोलीस पाटलाकडे हजर व्हायचं. बाने शब्द दिला होता. शब्द दिलेल्या माणसाने नियम मोडायचा नसतो, असं त्याला वाटलं. म्हणून तो आपल्या पायाने चावडीवर गेला. कुणी धरलं नव्हतं.

पाटील तिथलाच, कानडी बोलणारा. त्याने हात पुढे केला. "पास एल्लैती?"

बाला कानडी येतं. तो म्हणाला, पास नाही, शब्द आहे. तो सोलापुरात फाटकावर ठेवलाय.

चावडीवर बसलेले लोक हसायला लागले. पाटील हसला नाही. त्याने दोर मागवला.

बाला चावडीच्या खांबाला बांधलं. खांबापासून पालं दिसत होती. कनातीआड बायकांची ये-जा दिसत होती. बाने ओरडून सांगितलं की मला पाच मिनिटं सोडा, तुमचा माणूस बरोबर द्या, लेकीला तोंड दाखवून येतो. दाजी, म्हणजे आक्काचे मालक, धावत आले आणि पाटलाच्या पायावर डोकं ठेवलं. पाटील म्हणाला, "फरारी आसामी आहे. सोडला तर माझी पाटीलकी जाईल."

दिवस मावळायच्या आत आक्का गेली. मूल पोटातच राहिलं. बाला ते कुणी येऊन सांगितलं नाही. पालांमधून रडणं उठलं आणि त्याला कळलं. एवढ्या अंतरावर तो होता.

दुसऱ्या दिवशी पाटलाने त्याला दोन रामोशांबरोबर सोलापूरला धाडला. कमरेला दोर. संध्याकाळच्या हजेरीची घंटा झाली तेव्हा आम्ही सगळे रांगेत उभे होतो. मीही होतो, कॉलेजात असलो तरी सुट्टीत मला हजेरी चुकत नाही. फाटक उघडलं आणि दोराने ओढलेला बा आत आला. पाय सुजलेले. नावं पुकारणं चालूच होतं. त्याचं नाव आलं. तो रामोशांच्या मधून म्हणाला, "हाजिर."

वेळेवर होता. तेवढं तरी कुणी लिहून ठेवायला हवं, म्हणून मी लिहितो. माझा बा वेळेवर परत आला.

टेबलावर विटेखाली कार्ड तसंच होतं. त्याने ते उचलायला हात लांबवला, पण दोर पुरला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबाने मला कचेरीत बोलावलं. समोर ते कार्ड होतं. अंगठ्याचा ठसा स्वच्छ उठला होता. साहेब म्हणाला, "अरे, त्याला खरंच वाटलं?" आणि त्याच्या ओठाचं एक टोक वर गेलं. एका क्षणापुरतं. आक्का गेल्याचं त्याला माहीत होतं, वळसंगच्या पाटलाच्या कागदात ते होतं. तरीही ओठ वर गेला. मी खाली बघितलं तर माझ्या अंगावर तोच कोट होता.

साहेबाला अडचण एकच होती. प्रकरण आता मॅजिस्ट्रेटपुढे जाणार आणि त्या कार्डावर त्याची सही होती. त्याने एक कागद टाइप करून ठेवला होता. खाली माझं नाव. कागदात असं होतं की हे कार्ड गमतीने लिहिलं होतं, ते मी बापाला त्याच्या भाषेत नीट समजावून सांगितलं होतं, आणि समजूनउमजून तो पळाला.

"सही कर," साहेब म्हणाला. "तुझ्या फीचं पत्र तयार आहे." मग त्याने खण उघडला आणि एक पिवळं पडलेलं छापील कार्ड काढलं. त्या कॅम्पावरचं खरं कार्ड. आठवण म्हणून त्याने काही जपून ठेवली होती. "आणि हे तुझ्यासाठी. तू शिकलेला आहेस. तुला हजेरी नको, पास नको. यावर शब्द दे आणि वाटेल तेव्हा ये-जा कर. असं मी इथं कुणालाच दिलेलं नाही."

मी ते कार्ड हातात घेतलं. खोटं कशाला सांगू, घेतलं. जाड कागद होता, गुळगुळीत. बाने सांगितलेलं सगळं त्यावर छापलेलं होतं. ज्यांनी लढाईत साहेबाच्या फौजेतली माणसं मारली, त्यांच्या खिशात हे होतं. ते शत्रू होते, पण साहेबाच्या लेखी माणसं होती. माझ्या बाचा गुन्हा एवढाच की तो एका कैकाडणीच्या पोटी जन्मला. त्याला या कार्डाची नक्कल मिळाली, आणि तिच्यात कोंबडी घातली होती. आता खरं कार्ड मला मिळत होतं. का? तर मी 'हा माणूस' म्हणालो म्हणून. कोट घातल्यावर ओळखू येत नाही म्हणून.

तेव्हा मला तो करनेल आठवला. मान खाली, हात मागे, तारेला धरून चाललेला. ज्याच्या नकलेला मी लहानपणी पोट धरून हसलो तो. दार उघडं नव्हतंच. त्याला तेवढं दिसलं होतं. शब्द दिला की बाहेर गेलं तरी तार आपल्याबरोबर चालत येते, आणि ती आपणच धरून असतो.

मी कार्ड टेबलावर ठेवलं. म्हणालो, "साहेब, मी शब्द देत नाही."

मराठीत म्हणालो. भाषांतर करायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पण इतकी वर्षं इथं काढल्यावर तेवढं त्याला कळलं.

तो इंग्रजीत म्हणाला, "म्हणजे तू पळणार आहेस?"

"ते मी सांगत नाही."

"मग तू इतरांसारखा कैदीच राहशील."

"हायेच की, साहेब."

मी कोट काढला. घडी घालायचं मनात आलं, सवयीने. घातली नाही. खुर्चीवर टाकला. त्याने टाइप केलेला कागद मी उलटा केला आणि कोऱ्या बाजूला माझ्या हाताने लिहिलं. कार्डात काय लिहिलं आहे ते मला कळलं होतं. मी बापाला खरं सांगितलं नाही, भीतीने आणि फीच्या लोभाने. साहेबाने सही केली. जमादाराने सही पाहून सोडलं. माझा बाप ठरल्या वेळी परत आला. खाली माझी सही.

त्याचा उपयोग झाला नाही, हेही सांगायला हवं. कोर्टात तो कागद मीच पुढे केला. मॅजिस्ट्रेटने तो वाचला, अक्षर तुझंच का विचारलं, अक्षर चांगलं आहे म्हणाला आणि बाला तीन महिन्यांची सजा दिली. टेबलावरचे ते वकील त्या दिवशी कोर्टात दुसऱ्या कामासाठी आले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. कोट नव्हता.

मी बाला तुरुंगात भेटायला गेलो. गजाआडून त्याला कार्डातली ओळ न् ओळ मराठीत सांगितली. फील्डमार्शल सांगितला. गाढवं सांगितली. कोंबडी सांगितली. तो गज धरून ऐकत होता. मग म्हणाला, "कोंबडीचं कुनी लिवलं?"

"वकिलानं सांगितलं. सायबानं लिवलं."

"तुला तवाच कळलं हुतं?"

"व्हय, बा."

तो माझ्याकडे बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "त्यो करनेल खुळा न्हवता रं." आणि मग, "जा आता. तुजा टाईम झाला आसंल."

बाने मला माफ केलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारणारही नाही. ते मागायचा हक्क मला नाही.

फीचं पत्र मिळालं नाही. मंगळवारच्या पासावर पुण्याला परतलो. आता सकाळी एका छापखान्यात खिळे जुळवतो आणि दुपारी कॉलेजात जातो. वर्गात मुलं विचारतात, सुट्टीत कुठं जाणार. मी सांगतो, तारेच्या आत. आधी मी 'सोलापूरला' म्हणायचो.

येत्या सुट्टीत मी जाणार आहे. हजेरीला उभा राहीन, कारण तिथं बंदूक आहे आणि माझी आई त्याच रांगेत उभी असते. नाव पुकारलं की हाजिर म्हणेन. त्यापुढे एक अक्षर नाही. साहेबाच्या पाहुण्यांपुढे वाचणार नाही, हसणार नाही, आमच्या कुणाच्या बोलण्याचं त्यांना भाषांतर करून देणार नाही. सुट्टीत घरी असलो की आमच्या आळीतल्या पोरांना मी इंग्रजी शिकवतो. आधी त्या रविवारचं कार्ड शिकवतो. पाठ करून घेतो. आपल्याबद्दल टेबलावर काय लिहिलं जातं ते त्यांना वाचता आलं पाहिजे, बापाने विचारलं तर खरं सांगता आलं पाहिजे.

आणि पोरांना करनेलाची गोष्टही सांगतो. नक्कल करत नाही. नुसता चालून दाखवतो. कुठे थांबायचा, तारेत कुठे बघायचा.

साहेबाच्या खणात मला देऊ केलेलं ते कार्ड अजून असेल. त्यावरची सहीची जागा कोरीच राहील. या तारेला माझ्याकडून कसलाही शब्द मिळालेला नाही. म्हणून मी तिचं काही देणं लागत नाही. ज्या दिवशी मी कायमचा बाहेर पडेन त्या दिवशी एकटा बाहेर पडणार नाही, आणि फाटकावर काहीही ठेवून जाणार नाही.